सातवा प्रश्न घेऊन नगरला

पुण्याची माणसं नगर जिल्ह्यात जातात ती देवदर्शनाला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी गेले ती फॉर्म भरायला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, ते या वयात सुटणार नाही.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माझ्यातली मास्तरीण निवृत्त झालेली नाही, हे ओळखून एका संस्थेने मला गळ घातली. कर्णबधिर मुलांच्या वर्गांना ही संस्था मदत करते. पारनेरला तिचा एक छोटा वर्ग आहे. तो चालू ठेवायचा, की तिथली मुलं नगर शहरातल्या निवासी शाळेत हलवायची, एवढंच मला बघून सांगायचं होतं. तीन दिवस, गाडी त्यांची, जेवण कुणाच्याही घरी.

मी लगेच हो म्हटलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. माझा धाकटा भाऊ शरद जन्मापासून बहिरा होता. नगरला लागून नागापूरची एमआयडीसी आहे, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये त्याने सत्तावीस वर्षं टर्नर म्हणून काम केलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. एवढ्या वर्षांत मी त्याच्या खोलीवर दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा परतीची गाडी आधीच ठरवून. आता त्याला भेटणं राहूनच गेलं होतं, म्हणून तो जिथे राहिला तो मुलूख तरी डोळे भरून बघावा असं फार वाटत होतं.

पारनेर

सुप्याला हमरस्ता सोडला आणि पारनेरच्या बाजूला वळलो, तशी दोन्हीकडे बाजरी काढलेली रानं दिसायला लागली. कणसांचे ढीग, त्यावर राखणीला बसलेल्या बायका, आणि मधूनच अंगावर येणारा भुसा. पाऊस नुकताच संपला होता, तरी ओढ्यात पाणी म्हणावं असं काही नव्हतं. आमचे ड्रायव्हर विठ्ठलराव म्हणाले, "औंदा बरं हाय म्हनायचं." हे बरं असेल, तर वाईट कसं असतं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

वर्ग एका शाळेच्या मागच्या खोलीत होता. बहिऱ्या मुलांचा वर्ग शांत असतो असं ज्यांना वाटतं ते कधी तिथे गेलेले नाहीत. बाकं सरकत होती, पाय आपटत होते, मुलं खदाखदा हसत होती. वर्ग चालवतात सुवर्णा मॅडम. पस्तिशीच्या, पारनेरच्याच शेतकरी घरातल्या, पदर खोचून उभ्या. त्यांचे हात बोलत होते आणि अकरा मुलांचे डोळे त्या हातांवर होते. बहिऱ्यांची ही हातांची भाषा त्या आपल्या बहिऱ्या दिरासाठी शिकल्या आणि मग तिच्यातच रमल्या.

मी आत गेल्यावर पहिलं काम झालं ते माझ्या बारशाचं. या भाषेत प्रत्येक माणसाला हाताच्या खुणेचं एक नाव असतं, आणि ते दुसऱ्यांनी ठेवायचं असतं. विठ्ठलरावांना दारातच मिशीवरून बोट फिरवून नाव मिळालं. माझ्याकडे एक मुलगी बराच वेळ टक लावून बघत राहिली. मग तिने नाकावर दोन बोटं ठेवली, खाली घसरवली आणि वरून डोळे वटारले. चष्म्यावरून बघणारी बाई. सगळा वर्ग हसला. मी नकळत चष्मा वर सरकवला, तेव्हा आणखी हसला.

ती ईश्वरी. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. घर घोडेगावचं, पण या वर्गासाठी पारनेरला मावशीकडे राहते. तिने उभं राहून एक गोष्ट सांगितली. हात इकडून तिकडे धावले, मान वळली, गाल फुगले, आणि मुलं पोट धरून हसली. मला त्यातलं काडीचंही कळलं नाही. सुवर्णा मॅडमनी सांगितलं, मावशीची वाळत घातलेली साडी शेळीने पदरापासून चावत आणली, आणि मावशी तिच्यामागे हातात पोळपाट घेऊन पळाली.

चौतीस वर्षं मी कर्णबधिरांना शिकवलं आहे. आमच्या शाळेत हात हलवायला बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडाने बोलायचं, ही आमची रीत. त्यामुळे नऊ वर्षांच्या पोरीची गोष्ट समजायला मला दुभाषी लागला.

मग मी फॉर्म काढले. बारा प्रश्न. सातवा प्रश्न असा: विद्यार्थी किती शब्द स्पष्ट उच्चारतो? त्याला सगळ्यात जास्त गुण. ईश्वरीला मी समोर बसवलं, तिची बोटं माझ्या गळ्याला लावली, ओठ हलवले. ती "आ" म्हणाली, "आई" म्हणाली आणि थांबली. मी एकचा आकडा लिहिला.

सुवर्णा मॅडम खांद्यावरून वाचत होत्या. "हा फॉर्म कुनी बनवला ओ बाई?"

"कमिटीने," मी म्हटलं.

"कमिटीत कुनी बहिरं न्हवतं वाटतं."

मी हसले. तो फॉर्म माझा होता. शाळेत असताना दोन महिने खपून मीच तयार केला होता, आणि सातव्या प्रश्नावर तर माझा विशेष जीव होता. हे त्यांना सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

जेवायला त्यांच्या घरी गेलो. पुण्यात आम्ही आधी विचारतो, थोडं घेणार का. इथे ताट समोर आल्यावरच आपल्याला कळतं की आपण जेवणार आहोत. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी. पहिल्याच घासाला ठसका लागून चष्मा शेंगोळीत पडला. मी तो धूत असताना सुवर्णा मॅडमनी खरी गोष्ट सांगितली.

"ईश्वरीचा बाप, भाऊसाहेब, घोडेगावच्या बाजारात म्हशींचा दलाल हाय. मानूस चांगलाय. पर त्याला पोरीला इथनं काढून नगरच्या बोलायच्या शाळेत घालायचीय. म्हनतो, हात हलवून काय व्हतंय, लोकं हसत्यात. घरी ती हातानं बोलाय लागली की हा तिचे हात खाली करतो. पुन्याच्या बाई काय लिव्हत्यात ते बघून ठरवतो म्हनला."

म्हणजे संस्थेचा निर्णय आणि ईश्वरीच्या बापाचा निर्णय, दोन्ही माझ्या पिशवीतल्या कागदावर येऊन अडले होते. आणि त्या कागदावर ईश्वरीपुढे एकचा आकडा होता.

नगर

दुसऱ्या दिवशी सुवर्णा मॅडम माझ्याबरोबर निघाल्या. नगरची निवासी शाळा बघायची, मग नागापूरला जायचं आणि तिसऱ्या दिवशी ईश्वरीला घेऊन घोडेगावला तिच्या बापाला भेटायचं, असा बेत होता.

शाळा सुरेख होती. स्वच्छ अंगण, जास्वंदीची ओळ, इस्त्रीचे गणवेश. मुलांनी एका सुरात "नमस्कार बाई" म्हटलं आणि माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. बहिऱ्या मुलाच्या तोंडून एक शब्द काढायला किती महिने लागतात ते मला माहीत आहे. तिथल्या बाई मनापासून शिकवत होत्या. एका मुलाने नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, फळांची नावं सांगितली. सातव्या प्रश्नापुढे मी भराभर मोठे आकडे लिहिले.

मग मी त्याला विचारलं, "काल काय केलंस?"

त्याने माझ्या ओठांकडे लक्ष देऊन बघितलं आणि स्पष्ट म्हणाला, "काल काय केलंस."

"छान," त्याच्या बाई म्हणाल्या. मीही म्हटलं, छान. सुवर्णा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

जेवणाच्या वेळी मुलं टेबलाशी बसली. वरून सगळी शहाण्यासारखी जेवत होती, पण टेबलाखाली मांड्यांवर त्यांचे हात बोलत होते. एका मुलीचा हात बोलता बोलता वर आला. बाईंनी जाता जाता त्यावर हलकेच बोट टेकवलं. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मुलीने हात मांडीत लपवला.

मीसुद्धा हलकेच धरायचे. शरद पाच वर्षांचा होता तेव्हा मी पंधराची. रोज संध्याकाळी आम्ही दोघं जोत्यावर बसायचो. त्याच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि "प" म्हणायला लावायचं. पट्टी हलली की "प" आला. तो पट्टीकडे न बघता गल्लीतली सगळी खबर मला हातांनी सांगायला जायचा, तेव्हा मी त्याची दोन्ही मनगटं माझ्या मुठीत धरून ठेवायची. आई म्हणायची, "हात हलवले तर लोक मुका म्हणतील." चार महिन्यांनी तो "पाणी" म्हणाला. आईने त्या दिवशी शिरा केला. त्या यशावर मी पुढे शिक्षिका झाले.

नागापूर

एमआयडीसीतल्या एका चहाच्या टपरीवर कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी बहिरे कामगार जमतात, असं सुवर्णा मॅडमच्या दिराने सांगितलं होतं. आम्ही गेलो तेव्हा सहा-सात जण होते. चहा गार झाला होता आणि हात चालले होते. रस्त्यावरून टेम्पो, कंटेनर धडधडत जात होते, त्यांना त्याचं काही नव्हतं.

मला एकदम आठवलं. शरद दिवाळीला पुण्याला यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा, जेवायचा, भाच्यांना खाऊ द्यायचा, आणि दरवर्षी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परत निघायचा. आम्ही हसून म्हणायचो, नगरला असं काय पुरून ठेवलंय याने? ते हे होतं.

सुवर्णा मॅडमनी मी कोण ते सांगितल्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उठले. इस्माईलभाई, शरदच्याच वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगला होते. त्यांनी अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवरून हळूच फिरवला. हे शरदचं नाव. यंत्रावरून उतरलेल्या लोखंडाचा गुळगुळीतपणा तो असा तपासायचा. मी ते करून बघितलं. माझ्या भावाचं नाव मी पहिल्यांदाच घेत होते, साठी उलटल्यावर.

"माझं काही नाव होतं का त्याच्याकडे?" मी सुवर्णा मॅडमना विचारायला सांगितलं.

इस्माईलभाई जरा घुटमळले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, तो माझ्यावर रागावला होता का? इस्माईलभाईंनी जोरात नकाराची मान हलवली. त्यांचे हात आता सावकाश चालले आणि सुवर्णा मॅडम मागोमाग सांगत गेल्या. "म्हनत्यात, राग न्हवता. उलट लई बोलायचा तुमच्याबद्दल. घरात रोज त्याच्यासमोर बसनारी तुमीच एकटी. म्हनायचा, तिला शिकवायला हवं हुतं मी, पर ती मास्तरीन, तिला कोन शिकवनार. दिवाळीला निघताना इथं सगळ्यांना सांगायचा, चला, आता चार दिवस हात खिशात."

मी टपरीच्या बाकावर रडले. भर दुपारी, सात परक्या पुरुषांसमोर. इस्माईलभाईंनी नवा चहा सांगितला.

गाडीत बसल्यावर मी सुवर्णा मॅडमना म्हटलं, "तो फॉर्म कमिटीचा नाही. माझा आहे."

"ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमी त्यातले प्रश्न न बघता म्हनत हुता."

घोडेगाव

घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. लांबूनच शेणाचा आणि जिलेबीचा वास एकत्र येतो आणि दोन मिनिटांत तो आवडायलाही लागतो. शिंगं रंगवलेल्या म्हशी ओळीने उभ्या होत्या. टेम्पोतून उतरायला तयार नसलेल्या एका रेड्यापुढे चार माणसं हात जोडून उभी होती. ईश्वरी गाडीतून उतरली ती पळतच, आणि गर्दीतून बरोबर बापापाशी गेली.

भाऊसाहेब तेव्हा कामात होते. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावरचं उपरणं आता हातावर. समोर एक गिऱ्हाईक. दोघांचे उजवे हात उपरण्याखाली एकमेकांत होते. तोंडाने एक शब्द नाही. भाऊसाहेब आभाळाकडे बघत होते, गिऱ्हाईक म्हशीकडे. उपरणं तेवढं मधूनमधून हलत होतं. गिऱ्हाइकाने नकाराची मान हलवली, पुन्हा हात आत. मग दोघंही हसले, उपरणं खांद्यावर गेलं आणि म्हैस विकली गेली.

मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. विचारलं तर भाऊसाहेब खुलले. "आमच्या आज्यापासनं हाय हे, बाई. तोंडानं बोललं की चार लोकं भाव फोडत्यात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, आख्खा पंजा म्हंजे पाच. आता मोबाईलवाली पोरं तोंडावरच सांगत्यात, पर जुनी मानसं अजून असंच करत्यात."

"आणि नुसत्या बोटांनी सगळं समजतं?"

"समजतं म्हंजे? समोरचा खरं सांगतोय का फसवतोय, ते बी समजतं. हाताला खोटं बोलता येत न्हाई."

सुवर्णा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर एक अख्खं व्याख्यान आलं होतं. ते मी गिळलं, कारण तेवढ्यात ईश्वरीने बापाच्या खांद्यावरून उपरणं ओढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली घातला.

"ए, सोड, बाजार हाय हा," म्हणत ते हात काढायला लागले.

"ऱ्हाऊ द्या की," सुवर्णा मॅडम म्हणाल्या. "धरा बोटं."

भाऊसाहेबांनी लाजत लाजत बोटं धरली. ईश्वरीने मोकळा हात वर करून तीन बोटं दाखवली. ते चमकले. पुन्हा धरली. पाच, आणि मग दोन. बाजूचे दलाल गोळा झाले. "आरं, हिला येतंय की रं!" भाऊसाहेबांनी मग दलाली डाव टाकला. चार बोटं धरली आणि पटकन एक सोडून दिलं. ईश्वरीने कपाळाला आठ्या घातल्या, हात बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी त्यांना काहीतरी जोरजोरात सुनावलं.

त्यांचा हात सवयीने तिचे हात खाली करायला पुढे झाला, आणि मध्येच थांबला.

"काय म्हनती?" त्यांनी विचारलं.

"फसवताय म्हनती. लबाडी करू नका म्हनती," सुवर्णा मॅडम म्हणाल्या. सगळे दलाल हसले. ईश्वरीने मग डाव्या तळव्याने उजवा हात झाकला आणि खालची बोटं हलवली.

"आनि ह्ये?"

"ते तुमचं नाव. वर्गात बापाचं काही सांगायचं असलं की ती आधी असं करती. आल्यापासनं करती."

भाऊसाहेब पोरीकडे बघत राहिले. "माझं नाव हाय व्हय हिच्याकडं?" मग त्यांनी डावा तळवा उजव्या हातावर ठेवला, बोटं हलवली. ईश्वरी जागच्या जागी उड्या मारायला लागली. बाजारात अशी उडी म्हशीला चालत नाही, दोन-तीन म्हशींनी दावी ताणली, आणि पाच मिनिटं नुसती पळापळ झाली.

म्हशी शांत झाल्यावर ते माझ्याकडे आले. हातात टोपी. "बाई, तुमी काय ते लिव्हा. मला येकच सांगा. नगरला जाऊन बोलाय शिकली तर ही आमच्याशी बोलंल का?"

मी म्हटलं, "माझा भाऊ बोलायला शिकला होता. मीच शिकवलं. पाणी, भात, ताई, येतो. असे चाळीसेक शब्द. आणि मग जन्मभर आम्ही त्याच्याशी त्या चाळीस शब्दांतच बोललो."

"आनि हातानं?"

"हाताने तो सगळं बोलायचा. थट्टा करायचा, भांडायचा, माझ्याबद्दलही सांगायचा. पण आमच्या घरी नाही, नागापूरच्या टपरीवर. घरी आम्हाला कुणाला येत नव्हतं."

"आता कुठं असत्यात?"

"गेला तो."

त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, परत काढलं. मग सुवर्णा मॅडमना विचारलं, "मॅडम, मोठ्या मानसांना शिकवता का वो? बाजार नसला की मी येतो पारनेरला. तसाबी हिला भेटायला यावंच लागतंय."

त्यांनी आम्हाला जिलेबी खाऊ घातली. ईश्वरीच्या तोंडात जिलेबी आणि दोन्ही हात मोकळे, त्यामुळे खाता खाता तिचं बोलणं एकदाही थांबलं नाही.

पुणे

परत आल्यावर मी संस्थेला कळवलं की पारनेरचा वर्ग चालूच राहिला पाहिजे, आणि नगरच्या शाळेतल्या त्या प्रामाणिक बाईंना सुवर्णा मॅडमकडे शिकायला पाठवलं पाहिजे. फॉर्ममधला सातवा प्रश्न मी माझ्या हाताने खोडला. त्या जागी लिहिलं: घरात विद्यार्थ्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारे किती?

ईश्वरीपुढे लिहिलं: मावशी, थोडंफार. वडील, नुकतीच सुरुवात.

पिशवीत एक कोरा फॉर्म उरला होता. त्यावरही मी सातवा प्रश्न तसाच बदलला, शरदचं नाव लिहिलं आणि थेट त्या प्रश्नावर गेले. अंगठा बोटांच्या टोकांवरून एकदा फिरवला, मग पेन उचललं. लिहिलं: कोणीही नाही. बहीण कर्णबधिरांची शिक्षिका होती.